संघ बंद करा, पण तुटीचं नाव पुढे करू नका

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठानं पोहण्याचा किंवा कुस्तीचा संघ बंद केल्याची बातमी आली की वाद ठरल्या रुळांवरून धावू लागतो. एक बाजू म्हणते, विद्यापीठ शिकायला असतं. पैसा कमी पडला तर आधी खेळच जाणार, त्यात रडायचं काय? दुसरी बाजू म्हणते, खेळानं शिस्त येते, जिद्द येते, माणूस घडतो. ते हिशेबाच्या वहीत कसं दिसणार? मार्च २०२५मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठानं पोहणं आणि डायव्हिंगचे संघ बंद केले तेव्हा हेच झालं, आणि पुढचा संघ बंद होईल तेव्हाही हेच होईल. गंमत अशी की इतक्या तावातावानं भांडणाऱ्या या दोन्ही बाजू एक गोष्ट न तपासताच मान्य करून टाकतात. पैसा खरोखरच कमी पडला होता, आणि म्हणूनच संघ बंद झाला, ही ती गोष्ट.

माझा आक्षेप नेमका तिथे आहे. संघ बंद करण्याचा विद्यापीठाला पूर्ण अधिकार आहे. स्पर्धात्मक खेळ चालवणं हे आपलं काम नव्हे असं एखाद्या अध्यक्षाला वाटत असेल तर त्यानं तसं उघड सांगावं, टीका अंगावर घ्यावी आणि मोकळं व्हावं. पण काय ठेवायचं आणि काय टाकायचं ही निवड स्वतः करायची आणि बोट मात्र तुटीकडे दाखवायचं, हे चालणार नाही. ज्या निर्णयांची कागदपत्रं पुढे लोकांसमोर आली, त्यांत तूट हे कारण कमी आणि निमित्त जास्त होतं.

स्टॅनफर्डचंच घ्या. ८ जुलै २०२०ला, करोनाची पहिली लाट असताना, या विद्यापीठानं आपल्या ३६ संघांपैकी ११ बंद करत असल्याचं जाहीर केलं. तलवारबाजी, मैदानी हॉकी, रोइंग, सेलिंग, स्क्वॉश, सिंक्रोनाइज्ड स्विमिंग, पुरुषांचं व्हॉलीबॉल आणि कुस्ती. खेळाडू २४०, प्रशिक्षक २२. मुलांना झूमवर बोलावून हे सांगण्यात आलं. त्यातली काही तर नुकताच प्रवेश घेतलेली, वर्गात पाऊलही न टाकलेली. खेळ विभागाला त्या वर्षी १ कोटी २० लाख डॉलरहून जास्त तूट येणार आणि करोनामुळे तीन वर्षांत ती एकूण ७ कोटींच्या घरात जाणार, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातली तीव्रता चटकन कळायची नाही, कारण आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे पावतीवरची जिमखाना फी, हिवाळ्यातल्या आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि प्रवासभत्त्यासाठी ऑफिसात मारलेले खेटे. खेळाडू मोठा झाला की रेल्वे, पोलीस किंवा सैन्य त्याला नोकरी देऊन सांभाळतं. पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. अमेरिकेत हे काम विद्यापीठं करतात. पूर्णवेळ प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या, विमानप्रवास, फिजिओ, सगळं. फुटबॉल, म्हणजे त्यांचा अंडाकृती चेंडूचा, आणि पुरुषांचं बास्केटबॉल या दोन खेळांना टीव्हीचा पैसा मिळतो. बाकीचे खेळ ‘उत्पन्न न देणारे’ या एकाच खात्यात जमा होतात आणि कात्री निघाली की आधी त्यांच्याकडेच वळते.

आता विद्यापीठांच्या बाजूनं जे खरं आहे ते आधी मान्य करू. पैशाचा खड्डा काल्पनिक नव्हता. मार्च २०२०मध्ये बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली आणि एनसीएए ही शिखर संस्था सभासदांना जे ६० कोटी डॉलर वाटणार होती ते साडेबावीस कोटींवर आले. दुसरं, ३६ संघ हा आकडा खरोखरच प्रचंड आहे. तशाच मोठ्या विद्यापीठांत सहसा वीसच्या आसपास संघ असतात. बंद केलेल्या ११पैकी सहांची तर एनसीएएची राष्ट्रीय स्पर्धाही होत नाही. तिसरं, ‘स्टॅनफर्डकडे २९ अब्ज डॉलरचा निधी पडून आहे, त्यातून द्या की’ हा समाजमाध्यमांवरचा आवडता टोला अर्धवट आहे. हा निधी म्हणजे एक तिजोरी नव्हे. देणगीदारांनी अमुक अध्यासनासाठी, तमुक शिष्यवृत्तीसाठी म्हणून बांधून दिलेल्या हजारो ठेवी आहेत त्या. कर्करोगाच्या संशोधनाला दिलेल्या पैशातून होड्या विकत घेता येत नाहीत, आणि घेऊ नयेत.

चौथा मुद्दा सगळ्यात बोचरा आहे. स्क्वॉश, सेलिंग, तलवारबाजी हे काही गरिबाघरचे खेळ नव्हेत. नामांकित विद्यापीठात शिरण्याची ती बाजूची दारं झाली आहेत. मार्च २०१९मध्ये लाच देऊन मुलांना खेळाडू म्हणून आत घुसवण्याचा प्रवेशघोटाळा उघडकीस आला तेव्हा गुन्हा कबूल करणाऱ्यांत स्टॅनफर्डचाच सेलिंगचा प्रशिक्षक होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या मराठी घरांतही मुलीला तलवारबाजीच्या क्लासला घालताना आईबाबांच्या डोळ्यांसमोर ऑलिंपिकपेक्षा प्रवेशाचा अर्ज जास्त असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग असे संघ गेले तर वाईट काय झालं?

हा युक्तिवाद मला पटला असता, जर विद्यापीठांनी तो कधी प्रामाणिकपणे लावला असता. स्टॅनफर्डच्या यादीत सेलिंगच्या शेजारी कुस्ती आहे. कुस्ती हा श्रीमंतांचा छंद आहे असं आयोवात किंवा पेनसिल्व्हेनियात म्हणून पाहा. ब्राउन विद्यापीठानं त्याच वर्षी मे महिन्यात ११ संघांचा अधिकृत विद्यापीठ-संघाचा दर्जा काढून घेतला, त्यांत पुरुषांचं ॲथलेटिक्स आणि क्रॉसकंट्री होतं, म्हणजे कृष्णवर्णीय विद्यार्थी ज्यांत मोठ्या संख्येनं असतात ते खेळ. आणि त्याच घोषणेत कोणत्या खेळाला बढती मिळाली? सेलिंगला. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनं देश पेटलेला असताना हे खपणं शक्य नव्हतं. दोन आठवड्यांच्या आत विद्यापीठानं धावपटूंना परत घेतलं. क्लेमसन विद्यापीठानं नोव्हेंबरात पुरुषांचं ॲथलेटिक्स बंद केलं आणि एप्रिलमध्ये शब्द मागे घेतला. समतेसाठी चालवलेली कात्री अशी दिसते का?

आता तुटीकडे येऊ. स्टॅनफर्डनं संघ बंद करण्याच्या आपल्या पत्रात स्वतःच एक आकडा दिला होता: हे ११ संघ राष्ट्रीय दर्जाचे ठेवून कायमचे चालवायचे तर २० कोटी डॉलरहून अधिक निधी लागेल. ऐकायला डोंगराएवढा वाटतो. पण हा ठेवीचा आकडा आहे, खर्चाचा नव्हे. ठेवीतून वर्षाला पाच टक्के काढायचे असं धरलं तर होतात एक कोटी डॉलर. म्हणजे अकरा संघांचा वर्षाचा वाढीव खर्च साधारण एवढाच, आणि तो सांगताना विद्यापीठानं त्याचं कायमस्वरूपी भांडवल करून दाखवलं. फुटबॉलच्या मैदानाची देखभाल, प्रशिक्षकांचे करार, प्रवास, यांचं असं भांडवली मूल्य कधी कुणी छापलं आहे का? जे टाकायचं त्याची किंमत शंभर वर्षांच्या हिशेबानं सांगायची आणि जे ठेवायचं त्याची एका वर्षाच्या, अशी ही युक्ती आहे. हिशेब खोटा नाही. पण कुठल्या पानावर बोट ठेवून वाचायचा, हे वाचणाऱ्यानं आधीच ठरवलेलं आहे.

शिष्यवृत्त्यांची गोष्ट तर याहून मजेशीर आहे. पुरुषांच्या व्हॉलीबॉल संघाला त्या काळी नियमानं जास्तीत जास्त साडेचार शिष्यवृत्त्या देता येत, कुस्तीला ९.९. संघात मुलं वीस-तीस. म्हणजे बहुतेक मुलं पूर्ण किंवा अर्धी फी स्वतः भरत होती, किंवा घरच्या परिस्थितीवर मिळणारी मदत घेत होती, जी त्यांना खेळाडू नसतानाही मिळाली असती. ज्या थोड्या शिष्यवृत्त्या होत्या त्यांचे पैसे खेळ विभाग विद्यापीठाच्याच फी खात्यात भरतो. एका खिशातून दुसऱ्या खिशात. खेळ विभागाच्या वहीत तो खर्च दिसतो, विद्यापीठाच्या वहीत जमा. संघ बंद केला की पहिल्या वहीत बचत दिसते. दुसऱ्या वहीचं पान कुणी उलटून पाहत नाही.

आणि वही कुणाची यावर सगळं कसं बदलतं ते बघा. एनसीएएच्या तिसऱ्या विभागातली छोटी खाजगी कॉलेजं खेळासाठी एक पैशाची शिष्यवृत्ती देत नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी गेल्या काही वर्षांत विद्यार्थिसंख्या घसरू लागल्यावर काय केलं? नवे संघ काढले. कुस्ती, व्हॉलीबॉल, अगदी फुटबॉलसुद्धा. कारण संघात खेळायला मिळतं म्हणून येणारा मुलगा फी भरतो. ज्या संघाला एक विद्यापीठ खर्च म्हणतं, त्यालाच दुसरं कॉलेज पोटापाण्याचा धंदा म्हणतं. मग ‘हा संघ परवडत नाही’ हे वाक्य सृष्टीनियमासारखं कसं काय उच्चारलं जातं?

आयोवा विद्यापीठाच्या बाबतीत तर निमित्त उघडं पडायला महिनाही लागला नाही. ऑगस्ट २०२०मध्ये बिग टेन या त्यांच्या विद्यापीठांच्या गटानं फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला, आणि दहा दिवसांत आयोवानं पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स, पुरुषांचं टेनिस आणि स्त्री-पुरुष दोघांचं पोहणं बंद करण्याचं जाहीर केलं. कारण, हंगामाबरोबर बुडणारे कोट्यवधी डॉलर. सप्टेंबरच्या मध्यात गटानं निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरात फुटबॉल सुरूही झालं. कारण बदललं, निर्णय जागचा हलला नाही. आयोवातला तो जुना फील्ड हाउसचा तलाव म्हणजे १९३०च्या दशकात प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर यांनी बटरफ्लाय शैलीवर काम केलं ती जागा. त्या विद्यापीठातला पुरुषांचा जलतरण संघ संपला. स्त्रियांचा मात्र फेब्रुवारी २०२१मध्ये परत आला, कारण मुली कोर्टात गेल्या.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, बघा, सगळा दोष टायटल नाइनचा. १९७२च्या या कायद्यानं शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी केली आणि खेळात मुलींना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात संधी द्यावी लागू लागली; म्हणून मुलांचे संघ मरतात. यात तथ्याचा अंश आहे. कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सनं या प्रमाणाच्या गणितात मार खाल्ला हे खरं. पण गणित बिघडवतं कोण? फुटबॉलच्या एका संघात शंभराहून अधिक मुलं असतात आणि परवापर्यंत ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या असत. तेवढ्या संख्येचा मुलींचा एकही खेळ नाही. फुटबॉलला हात लावायचा नाही असं एकदा ठरलं की उरलेल्या मुलांच्या खेळांना आणि मुलींना एकमेकांत भांडत बसणं एवढंच उरतं, आणि फुटबॉल शांतपणे बाजूला उभं राहून बघतं.

मुलींची काळजी तुटीच्या वेळी किती घेतली जाते याचा नमुना ब्राउननंच १९९१मध्ये घालून दिला होता. बजेट कमी आहे म्हणून त्यांनी मुलींचं व्हॉलीबॉल आणि जिम्नॅस्टिक्स, मुलांचं गोल्फ आणि वॉटर पोलो, असे दोन-दोन संघ खाली उतरवले. वरवर काटेकोर बरोबरी. पण कोर्टात आकडे आले ते असे: मुलींच्या दोन संघांतून वाचणार होते ६२,०२८ डॉलर आणि मुलांच्या दोन संघांतून १५,७९५. दोन्ही मिळून ७८ हजारही नाहीत. एवढ्या रकमेसाठी विद्यापीठ वर्षानुवर्षं खटला लढलं, हरलं, आणि १९९८मध्ये तडजोडीवर आलं. वकिलांची फी किती झाली असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. पैसा वाचवण्यासाठी कुणी असं वागतं का?

प्रामाणिकपणे संघ बंद करणं म्हणजे काय, याचंही उदाहरण अमेरिकेतच आहे. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी डिसेंबर १९३९मध्ये आपला फुटबॉल संघ बंद केला. हा कुठल्या कोपऱ्यातला संघ नव्हता. बिग टेनचं ते संस्थापक विद्यापीठ. देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी पहिल्यांदा, १९३५मध्ये, मिळवणारा जे बर्वँगर शिकागोचाच. हचिन्स यांनी तुटीचं रडगाणं गायलं नाही. धंदेवाईक फुटबॉल आणि विद्यापीठ या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, एवढीच त्यांची भूमिका होती आणि ती त्यांनी अनेक वर्षं उघडपणे मांडली. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ला, त्याच ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षकसज्ज्याखाली एन्रिको फर्मी यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुशृंखला घडवून आणली. हा योगायोग आहे, त्यातून फुटबॉल बंद केल्यानं विज्ञान फुलतं असा निष्कर्ष काढू नये, पण शिकागोवाल्यांना तो सांगायला फार आवडतो.

कुणी म्हणेल, हरणारा संघ बंद करायला कसलं धाडस लागतं? खरं आहे. त्याच हंगामात मिशिगननं त्यांना ८५-० असं धुतलं होतं. तरीही फरक उरतोच. हचिन्स यांनी सगळ्यात मोठ्या, सगळ्यात लाडक्या खेळावर घाव घातला आणि लहान खेळ राहू दिले. आजचे अध्यक्ष याच्या बरोबर उलट करतात, आणि वर तत्त्व सांगत नाहीत, ताळेबंद दाखवतात. तत्त्वाशी वाद घालता येतो. शिकागोत लोकांनी तो घातला, आणि १९६९मध्ये फुटबॉल लहान प्रमाणात परतही आलं. ‘पैसेच नाहीत’ या वाक्याशी वाद घालायला आधी वही हातात असावी लागते, आणि ती कुणी देत नाही.

खरी चणचण कशी असते हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. खाशाबा जाधवांना १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं होतं तेव्हा गावानं वर्गणी काढली आणि ते शिकले त्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. कॉलेजनं असं चालावं असं मी म्हणत नाही. प्राचार्याच्या घरावर अवलंबून असलेली क्रीडाव्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे. पण पैसा नसणं म्हणजे काय ते इथे दिसतं. तिथे निदान कुणी मदत घेऊन आलं तर त्याला दारातून परत पाठवलं गेलं नाही.

स्टॅनफर्डनं पाठवलं. माजी खेळाडूंनी पैसे उभे करायची तयारी दाखवली तेव्हा निर्णय अंतिम आहे असं उत्तर मिळालं. ज्याला खरोखर पैशाची अडचण असते तो पैसे घेऊन येणाऱ्याला असं सांगतो का? मार्च २०२१मध्ये स्टॅनफर्डचा कुस्तीगीर शेन ग्रिफिथ १६५ पौंड गटात राष्ट्रीय विजेता झाला, विद्यापीठाचं नाव-चिन्ह काहीही नसलेला कोरा काळा पोशाख घालून. मे महिन्यात खेळाडूंनी दोन खटले दाखल केले. एकात, आम्हाला भरती करताना हा बेत लपवला, असा आरोप होता. दुसरा टायटल नाइनखाली मुलींनी केलेला. आठवड्याभरातच, १८ मेला, विद्यापीठानं अकराही संघ ठेवत असल्याचं सांगितलं. कारण? आर्थिक चित्र सुधारलं आणि देणगीदार पुढे आले. हेच देणगीदार दहा महिन्यांपूर्वी दारात उभे होते.

पुढे पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टॅनफर्डशी नातं असलेल्या खेळाडूंनी ३९ पदकं मिळवली आणि संघ वाचवणाऱ्यांनी ती आपल्या बाजूचा पुरावा म्हणून मिरवली. मला तो पुरावा नको आहे. पदकांवर संघ जोखायचा ठरवला तर जे पदक आणत नाहीत त्यांना काढायची वाट आपणच मोकळी करून देतो. एकही पदक आलं नसतं तरी जुलै २०२०चा निर्णय ज्या पद्धतीनं घेतला गेला ती पद्धत चुकीचीच होती.

आता नवं निमित्त तयार आहे. ६ जून २०२५ला कोर्टानं मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना त्यांच्या घामाचा वाटा मिळावा, याबद्दल माझी तक्रार नाही. तो फार आधी मिळायला हवा होता. पण ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. किती द्यायचे आणि कुणाला, हे विद्यापीठ ठरवतं, आणि बहुतेक ठिकाणी मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो. म्हणजे एका खेळाला वाढवून द्यायचं स्वतः ठरवायचं, त्यातून जी ओढाताण होईल तिला तूट म्हणायचं, आणि पोहणाऱ्या मुलांना सांगायचं की कोर्टाच्या निकालापुढे आमचा नाइलाज आहे.

अमेरिकेत शिकलेल्या आणि आता तिथल्या विद्यापीठांना दरवर्षी चेक पाठवणाऱ्या मराठी मंडळींची संख्या आता लहान नाही. संघ बंद करत असल्याचं पत्र त्यांच्या हाती पडेल तेव्हा त्यांनी चारित्र्य आणि शिस्तीवर निबंध लिहून पाठवू नये. संघ बंद केल्यानं फी वजा जाता विद्यापीठाचे नेमके किती डॉलर वाचतात, तेवढीच रक्कम फुटबॉलच्या खर्चातून काढता येईल का हे कुणी तपासलं, आणि पैसे उभे करायला माजी खेळाडूंना किती महिने देणार, एवढं लेखी विचारावं. उत्तर येईपर्यंत चेक ड्रॉवरमध्येच ठेवावा.